ऐकणाऱ्याचा अपराध कोणता?

बीड शहरातील एखाद्या घराच्या गच्चीवर हातभर लांबीचे एरियल उभारावे, त्याची तार खोलीतील अंगठ्याएवढ्या डोंगलला आणि ते डोंगल एका लहानशा संगणकाला जोडावे, आणि पुण्यात शिकणाऱ्या त्या घरच्या मुलाने वसतिगृहातील खाटेवर बसून, मोबाइलवर बोट फिरवीत, बीडच्या आकाशात त्या घटकेला कोणकोणते आवाज तरंगत आहेत ते ऐकावे, ही गोष्ट आता चमत्कार राहिलेली नाही. घरात एखादा जुना संगणक पडून असेल तर उरलेला संसार तीन-चार हजार रुपयांत मांडता येतो. अवघड आहे ती गोष्ट निराळीच आहे. आपण हे जे करीत आहोत ते कायद्याला मान्य आहे की नाही, याचे सरळ उत्तर त्या मुलाला कोठेही मिळत नाही. डोंगल विकणारा दुकानदार ते देऊ शकत नाही, महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अडखळतात, आणि तालुक्याच्या ठाण्यातील अंमलदाराला विचारण्याचे धाडस तर शहाणा माणूस करीतच नाही.

ज्याला स्कॅनर म्हणतात ते यंत्र म्हणजे मुळात एक रेडिओच होय. घरातला रेडिओ एका केंद्रावर लावला की तेथेच बसतो. स्कॅनर एकामागून एक वारंवारता तपाशीत जातो आणि जेथे आवाज सापडेल तेथे थबकतो. बीडच्या आकाशात त्याला जे सापडते ते तऱ्हेतऱ्हेचे असते. आकाशवाणीच्या बीड केंद्राचे कार्यक्रम असतात. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवानाधारक हौशी रेडिओचालक, ज्यांना हॅम म्हणतात, त्यांचे संभाषण असते. १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास रशियाचे मिटिऑर मालिकेतील हवामान-उपग्रह माथ्यावरून जाताना ढगांची चित्रे खाली पाठवीत असतात. अमेरिकेच्या नोआ मालिकेतील जे जुने उपग्रह याच पट्ट्यात जगभरच्या शाळकरी मुलांना चित्रे देत होते, ते २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान एकापाठोपाठ एक निवृत्त झाले. दहा हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या चालकाचा आवाज चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे तोही सापडतो. मात्र त्याला उत्तर देणारा दूरच्या विमानतळावरील नियंत्रक बालाघाटाच्या आड राहतो आणि अर्धाच संवाद कानी पडतो. आणि याच आकाशात पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेचे बोलणेही असते. खरा पेच तेथे सुरू होतो.

हे यंत्र इतके स्वस्त कसे झाले, याची कथा मनोरंजक आहे. संगणकावर दूरदर्शन पाहता यावे म्हणून एक लहान डोंगल बाजारात आले होते. त्यातील चिपला हाताशी धरून २०१२ च्या सुमारास काही उद्योगी मंडळींनी असे दाखवून दिले की, ती आकाशातील लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाच्या स्वाधीन करू शकते. मग निवड करणे, आवाज वेगळा काढणे, खरखर गाळणे ही कामे तारा आणि कॉइलऐवजी संगणकाच्या आज्ञावलीने करावयाची. अशा रेडिओचा पल्ला ढोबळ मानाने २४ पासून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याआधीच, २००८ मध्ये, नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात एक रेडिओ इंटरनेटवर खुला ठेवण्यात आला होता. जगातील कोणीही यावे आणि एन्शेड गावाच्या आकाशातील लघुलहरी आपल्या खोलीत ऐकाव्यात, एकाच वेळी शेकडो जणांनी ऐकाव्यात, आणि प्रत्येकाने आपल्या आवडीची वारंवारता लावावी, अशी ती सोय आहे.

घरचा रेडिओ दूरवरून ऐकू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती हिशेबाची. असे डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेते. प्रत्येक नमुन्यात आठ-आठ बिटांचे दोन आकडे असतात. म्हणजे सेकंदाला ३ कोटी ८४ लाख बिट झाले. तो सारा माल इंटरनेटवरून पुण्याला धाडावयाचा म्हटले तर ताशी सतरा गिगाबाइटांहून अधिक खर्च होतो, आणि घरच्या जोडणीचा जीव त्यात जातो. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की, केंद्र लावण्याचे आणि आवाज वेगळा काढण्याचे काम बीडच्या संगणकानेच करावे आणि पुण्याला केवळ आवाज पाठवावा. बोलणे समजण्यापुरता सेकंदाला ३२ हजार बिटांचा प्रवाह पुरतो. त्याचा खर्च ताशी साडेचौदा मेगाबाइटही होत नाही. दोहोंत बाराशे पटींचे अंतर आहे. ऊस शेतातून कारखान्यात न्यावा की साखर करून बाजारात न्यावी, यातला हा फरक आहे.

दुसरी अडचण पत्त्याची. बहुतेक मोबाइल कंपन्या आणि कित्येक केबलवाले एकच इंटरनेट-पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे बाहेरून घरच्या संगणकाला हाक मारता येत नाही. वाड्याचा पत्ता ठाऊक आहे, खोलीचा क्रमांक नाही, अशी ती स्थिती असते. उपाय असा की, घरच्या संगणकानेच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी आपण होऊन संधान बांधावे आणि सांकेतिक भाषेतील खाजगी बोगद्यातून मालकाने आत यावे. संकेतशब्दावाचून दार उघडे ठेवण्याचा आळस कोणी करू नये, आणि त्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. दार उघडे राहिले तर सातासमुद्रापलीकडचा कोणी रिकामटेकडा येऊन बीडच्या त्या डोंगलवर पोलिसांचे बोलणे लावून बसेल, आणि चौकशी झाली तर पोलीस गच्चीवरचे एरियल ज्याचे त्याच्याच दारी उभे राहतील. म्हणून कोणत्या वारंवारता लावता याव्यात याची मर्यादा आज्ञावलीतच घालून ठेवणे हे घरमालकाच्या हिताचे आहे. उरलेल्या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत: वीज जाते, म्हणून बॅटरी हवी, वीज पडते, म्हणून एरियलची तार जमिनीत नीट पुरलेली हवी. बीडला आणखी एक गोष्ट भूगोलाने ठरवून दिली आहे. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून निघालेली एफएम लहर सपाट प्रदेशात चाळीस किलोमीटरच्या आसपास पोहोचते, आणि मध्ये डोंगर आला की तेथेच अडते. अंबाजोगाईसारख्या घाटावरच्या गावी एरियलला जे सापडेल ते गेवराई-माजलगावच्या गंगथडीत सापडेलच असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह शिकविले जाते. एका जहाजाने प्रकाश पाहिला म्हणून दुसऱ्या जहाजासाठी तो कमी होत नाही. रेडिओ ऐकण्याचे नेमके तसेच आहे. लहर एकदा निघाली की ती दहा जणांनी ऐकली काय आणि दहा हजारांनी ऐकली काय, प्रक्षेपकाचा खर्च पैशानेही वाढत नाही आणि शेजाऱ्याच्या वाट्याचा आवाज रतिभरही घटत नाही. टंचाई आहे ती प्रक्षेपणाची. एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले तर दोघांचेही बोलणे मातीमोल होते; म्हणून तेथे परवाना हवा, शुल्क हवे, प्रसंगी लिलावही हवा. पुढे १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या रोनाल्ड कोस यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात लहरींच्या वाटपाची जी मीमांसा केली, ती याच टंचाईची होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या फेब्रुवारीत, क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे महाराष्ट्राने अभिमानाने आठवावे. मालमत्ता सार्वजनिक आहे, तिच्या उपभोगाने ती झिजत नाही, आणि तरीही केवळ ऐकणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

हा संशय मोठ्या वयाचा आहे. १८८५ चा तार कायदा इंग्रजांनी केला तो १८५७ ची आठवण ताजी असताना. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर परवान्यावाचून यंत्र नुसते बाळगण्यासही मनाई केली. बोलणारे यंत्र आणि ऐकणारे यंत्र असा भेद त्याने मुळात मानला नाही. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालविला तेव्हा परक्या सत्तेला बोलणाऱ्यांची जितकी भीती होती तितकीच ऐकणाऱ्यांची होती, हे समजण्यासारखे आहे. परंतु स्वराज्य आल्यावरही दिवाणखान्यातील रेडिओसाठी टपाल कचेरीत जाऊन दरसाल परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावा लागे. ती पुस्तिका कपाटात जपून ठेवणारे निवृत्त शिक्षक आजही गावोगाव भेटतील. घरगुती रेडिओचा तो परवाना १९८० च्या दशकात गेला. हौशी रेडिओसेवेच्या १९७८ च्या नियमांत तर लघुलहरी केवळ ऐकणाऱ्यासाठीही परवान्याचा स्वतंत्र वर्ग ठेवलेला होता. ज्याला तोंड उघडावयाचेच नाही त्यालाही कान उघडण्यासाठी अर्ज करावा लागावा, यातला विनोद त्या नियमांच्या कर्त्यांच्या ध्यानी आला नसावा.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने ही जुनी घडी मोडण्याचे मनावर घेतले, हे योग्यच झाले. तथापि या एका बाबतीत जुनेच सूत नव्या चरख्यावर चढले आहे. नव्या कायद्यातील ‘दूरसंचार’ या संज्ञेत संदेशाचे प्रेषण, उत्सर्जन आणि ग्रहण ही तिन्ही एकत्र बांधलेली आहेत. रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकारपत्राची कल्पना कायम आहे. सार्वजनिक हितासाठी सूट देण्याचा अधिकार मात्र सरकारने आपल्या हाती ठेवला आहे. आणि २६ जून २०२४ पासून अमलात आलेल्या ४२ व्या कलमानुसार संदेश बेकायदा अडवून ऐकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. दुसऱ्याचे खाजगी बोलणे चोरून ऐकणाऱ्याला कठोर शिक्षा असावी, याबद्दल दुमत नाही. परंतु उपग्रहाने सर्व जगासाठी सोडलेले ढगांचे चित्र टिपणारा विद्यार्थी आणि शेजाऱ्याचा फोन चोरून ऐकणारा इसम यांच्यामधील रेषा सामान्य नागरिकाला वाचता येईल अशा शब्दांत कोठे तरी लिहिलेली असावयास हवी. दोन कोटींच्या दंडाची टांगती तलवार ज्या शब्दाला बांधली आहे त्या ‘बेकायदा’ या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम वीस वर्षांच्या मुलावर टाकणे न्याय्य नव्हे.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडविला आहे. अमेरिकेने १९८६ च्या कायद्यात, सर्वांना सहज मिळू शकणारे पोलीस व अग्निशमन दलांचे संभाषण ऐकण्यास मुभा ठेवली आणि मोबाइल दूरध्वनीचे संभाषण ऐकण्यास मनाई केली. परिणाम असा झाला की, तेथे हजारो घरांतील स्कॅनर शहरोशहरीच्या पोलिसांचे बोलणे इंटरनेटवर अखंड ओततात. आणि आता न्यू यॉर्कसारख्या शहरातील पोलिसांनी २०२३ पासून आपले बोलणे टप्प्याटप्प्याने सांकेतिक करावयास घेतले आहे. ब्रिटनची रीत वेगळी. तेथे स्कॅनर बाळगता येतो; पण २००६ च्या बिनतारी कायद्यानुसार जे आपल्यासाठी नाही ते ऐकावयाचे नाही. सर्वसामान्यांसाठीचे प्रसारण, हौशी रेडिओ यांसारख्या गोष्टी खुल्या आहेत. अमेरिकेची मोकळीक भारताला पेलणार नाही आणि पेलावी असा आग्रहही नको. बीड जिल्ह्यात एखाद्या गावी तणाव असताना पोलिसांचे अर्धवट ऐकलेले वाक्य पाचच मिनिटांत पाचशे मोबाइलांवर गेले तर काय होईल, हे कोणी सांगावयास नको. अपघातात सापडलेल्या माणसाचे नाव त्याच्या घरच्यांआधी गावाला कळावे, हेही सभ्यपणाचे नाही. ब्रिटिशांचा मध्यम मार्ग येथे अधिक उपयोगाचा ठरेल. मात्र त्याबरोबर एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. पोलिसांचे बोलणे गुप्त राहावे असे सरकारला वाटत असेल तर ते सांकेतिक करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. उघड्या चौकात मोठ्याने बोलावयाचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचे कान धरावयाचे, ही सुरक्षिततेची रीत नव्हे. ज्याला खरोखर अपाय करावयाचा आहे तो कायद्याचे कलम वाचून थांबत नाही.

दूरच्या ठिकाणी यंत्र ठेवून आकाश ऐकण्याचा उद्योग सरकार स्वतः उत्तम प्रकारे करते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ढग गडगडत असताना जुन्या रेडिओवर जी खरखर होई ती विजेचीच लहर असे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर ८० हून अधिक ठिकाणी बसविलेली संवेदक यंत्रे हीच लहर टिपतात. कोणत्या ठिकाणी ती किती सूक्ष्म अंतराने आधी वा नंतर पोहोचली यावरून वीज कोठे पडली ते ठरते, आणि ‘दामिनी’ या ॲपवरून शेतकऱ्याला इशारा मिळतो. मराठवाड्यात दरसाल विजेने माणसे आणि जनावरे दगावतात, त्यामुळे या सेवेचे मोल सांगावयास नको. जुन्नर तालुक्यात खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांनी ऐकलेले प्रकाशतंतूंवरून एकत्र येते आणि जगभरचे संशोधक त्यावर काम करतात. तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की तेथे ऐकणारा शास्त्रज्ञ आहे आणि येथे बीडचा बी.एस्सी.चा विद्यार्थी.

या विद्यार्थ्याचे हित हे केवळ छंदाचे हित नाही. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाख होती. इतक्या मोठ्या जिल्ह्यात प्रयोगशाळेतील उपकरणाला हात लावावयास मिळणारे विद्यार्थी किती, हे तेथील कोणत्याही प्राध्यापकाला विचारावे. एका महाविद्यालयाच्या गच्चीवरील एक रेडिओ मात्र शिरूर कासारच्या मुलीला आणि धारूरच्या मुलाला एकाच वेळी वापरता येतो, कारण जवळ मोबाइल असला की पुरते. दुर्बीण एका वेळी एकालाच पाहता येते. हे यंत्र शंभर जण वापरतात आणि शंभराव्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. मान्सूनच्या ढगांचे चित्र आपल्याच जिल्ह्याच्या गच्चीवर उतरलेले पाहणे, त्यातली खरखर कोठून आली याचा शोध घेणे, यातून जे शिक्षण होते ते पाठ्यपुस्तकातील आकृतीने होत नाही. यातूनच काही मुले परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतील. तो परवाना बाराव्या वर्षापासून मिळू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दूरध्वनीच्या तारा मुक्या झाल्या, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी निरोपांची वाहतूक केली होती. २०२५ च्या सप्टेंबरात बीडसह मराठवाड्यातील नद्या गावांत शिरल्या. अशा वेळी मोबाइलचा मनोरा बंद पडला की इंटरनेटवरून ऐकण्याची ही सारी योजना निकामी होते, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा कामास येतो तो बॅटरीवरचा रेडिओ आणि तो चालविता येणारा माणूस. असा माणूस शांततेच्या दिवसांत घडवावा लागतो.

आणि एक वर्ग असा आहे की ज्याला स्कॅनरशी कर्तव्य नाही, पण घरच्या रेडिओशी आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून कोयते निघतात ते कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडे कर्नाटकापर्यंत जातात. चार-सहा महिने संसार कोपीत असतो. बीड केंद्राची एफएम लहर त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. कोपीतील मोबाइलवर मात्र ताशी पंधरा मेगाबाइटांत ती जाऊ शकते. आकाशवाणीच्या स्वतःच्या ॲपवर दोनशेहून अधिक वाहिन्या उपलब्ध आहेत, ही चांगली गोष्ट आहे, आणि ज्या केंद्राचा प्रवाह तेथे मिळतो त्यासाठी कोणी घरी यंत्र मांडून बसण्याचे कारण नाही. शिवाय आकाशवाणीचे कार्यक्रम परस्पर इंटरनेटवर सर्वांसाठी पुन्हा प्रसारित करणे हे कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली आक्षेपार्ह ठरते. आपला रेडिओ आपणच दूरवरून ऐकणे ही वेगळी गोष्ट, हा भेद उत्साही तरुणांनी विसरू नये. स्थानिक केंद्रांचे प्रवाह गळीत हंगामात तरी खंड न पडता चालू राहतील आणि मजुरांपर्यंत त्यांची माहिती पोहोचेल, एवढे आकाशवाणीने पाहिले तरी पुष्कळ आहे.

सरकारने करावयाचे काम त्या मानाने लहान आहे. सूट देण्याचा अधिकार कायद्यात आहेच. त्याखाली एक अधिसूचना काढावी. जी यंत्रे केवळ ऐकतात, बोलू शकत नाहीत, ती बाळगण्यास परवान्याची गरज नाही असे त्यात स्पष्ट म्हणावे. सर्वांसाठीचे प्रसारण, हौशी रेडिओ, हवामान-उपग्रह, वेळेचे संकेत हे पट्टे ऐकण्यास खुले असल्याची यादी मराठी आणि इतर भारतीय भाषांतून प्रसिद्ध करावी. विमानांच्या संभाषणासारख्या वादग्रस्त पट्ट्यांबाबत हो की नाही ते एकदाचे सांगावे; ‘नाही’ असले तरी चालेल, पण ते कळावे. तोपर्यंत ज्या महाविद्यालयांना गच्चीवर असे यंत्र बसवावयाचे असेल त्यांनी वारंवारतांची यादी जोडून दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे प्राचार्यांच्या सहीने लेखी विचारणा करावी, उत्तर येईपर्यंत यंत्र त्या यादीबाहेर जाणार नाही अशी कुलपे आज्ञावलीत घालावीत, आणि आलेले उत्तर, ते कसेही असो, सूचनाफलकावर लावावे.